जकार्त्याला निघण्याआधी

रत्नागिरी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझी नेमणूक आसियानच्या, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या संघटनेच्या, कामासाठी जकार्त्याला झाली, हे तुझ्या बाबांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी थिबा पॉइंटावर बसलो होतो. उठलो आणि तसाच थिबाच्या राजवाड्याच्या फाटकापर्यंत चालत गेलो. शाळेच्या सहलीत तू तो पाहिला असशील. निघण्याआधी पुन्हा एकदा बघून ये.

थिबा हा ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा. त्याने जानेवारी १८८५ मध्ये फ्रान्सशी करार केला. फ्रेंच इंडोचायनात पाय रोवत होते, ते उद्या त्याच्या राजधानीत, मंडालेत, येऊन बसतील ही इंग्रजांना धास्ती. सागवानाच्या एका कंपनीला झालेल्या दंडाचं निमित्त त्यांना पुरलं. नोव्हेंबरात फौज निघाली आणि महिना सरायच्या आत राजा शरण आला. फ्रान्स मदतीला आलं नाही. १८८६ मध्ये त्याला इथे आणून ठेवलं, ते १९१६ मध्ये तो वारेपर्यंत. राजवाड्याच्या टेकडीवरून भाट्याची खाडी दिसते, पुढे समुद्र. पण हा समुद्र पश्चिमेचा. त्याचा मुलूख पाठीमागे, पूर्वेला राहिला. तिथे उभा राहिलो की दर वेळी माझ्या मनात हेच येतं.

डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन दिल्लीतल्या भारत-आसियान शिखर परिषदेला आले, आणि तिथून वाट वाकडी करून रत्नागिरीत थिबाच्या समाधीपाशी आले. एवढ्यावरून समज, या आठवणी तिकडे किती जिवंत आहेत. थायलंड सोडला तर तिथला एकेक देश कोणा ना कोणा परक्या सत्तेखाली राहून आलेला. ८ ऑगस्ट १९६७ रोजी बँकॉकमध्ये पाच देशांनी आसियान उभी केली, तेव्हा व्हिएतनाममध्ये युद्ध पेटलेलं होतं. आता तिमोर-लेस्ते धरून अकरा देश आहेत. अमेरिका आणि चीन दोघांनीही आज त्यांच्या दारात गर्दी केली आहे. ‘तुम्ही नेमके कोणाचे?’ हा प्रश्न त्यांना नको असतो. तो आपण विचारू नये. चीनला अडवायची भिंत म्हणून आसियानकडे बघणारी माणसं तुला आपल्याच बाजूला भेटतील. मला ती दृष्टी साफ चुकीची वाटते.

त्यांच्यात एकमत नाही असं नाही, पण ते यायला वेळ लागतो. मतदान होत नाही, सगळे राजी होईपर्यंत बोलणी चालतात. २०१२ च्या जुलैमध्ये नॉम पेन्हला दक्षिण चीन समुद्रावरून एकमत झालंच नाही आणि ४५ वर्षांत पहिल्यांदा परराष्ट्रमंत्र्यांच्या बैठकीचं संयुक्त निवेदन निघालं नाही. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना दोन्ही टोकांचे दोर सारख्या गतीने यावे लागतात, एका बाजूने घाई केली की जाळं तिरकं होऊन मासळी निसटते. तसंच आहे ते.

अशाच एका बैठकीतली माझी एक चूक सांगतो. एका मसुद्यातल्या वाक्यावर समोरचा अधिकारी हसून म्हणाला, ‘घरी नेऊन विचार करू.’ मी वर कळवलं, मान्य आहे. तो नकार होता. तीन महिने आम्ही ज्या उत्तराची वाट बघत होतो, ते त्या खोलीत आधीच मिळालेलं होतं. त्यानंतर मी कामापुरती इंडोनेशियन शिकलो. तू पहिल्या महिन्यातच सुरुवात कर.

आणि मैत्रीच्या भाषणांनी पोट भरत नाही, हेही लक्षात ठेव. २००९ च्या भारत-आसियान वस्तुव्यापार कराराची झळ आपल्या कोकणापर्यंत येते. मिरी, चहा, कॉफी, पामतेल यांच्यावरचं शुल्क सावकाश उतरवायचं ठरलं ते उगीच नव्हे, सुपारीवर मिरवेल चढवणाऱ्या बागायतदाराचा प्रपंच त्यात अडकलेला असतो. वेंगुर्ल्याला जाऊन काजूवाल्यांशी बोल. व्हिएतनाम जगातला सर्वांत मोठा काजूगर निर्यातदार, त्याच्या भावापुढे टिकायचं कसं हा त्यांचा रोजचा सवाल. हे ऐकून गेलीस तर करार पुन्हा तपासण्याचा आपला आग्रह तुला तिथे मनापासून मांडता येईल. नोव्हेंबर २०१९ मध्ये आपण आरसेपच्या, म्हणजे आसियान, चीन, जपान वगैरे देशांच्या प्रादेशिक व्यापारकराराच्या, बोलण्यांतून बाहेर पडलो. कारणं खरी होती, तरी जिथे नियम ठरतात तिथली खुर्ची सुटली याची मला आजही हळहळ वाटते. म्हणून सांगतो, मंत्री येतात त्या परिषदेइतकीच मच्छीमारी, बंदरं, वादळाची आगाऊ सूचना यांवरच्या लहान बैठकांची तयारी कर. तिथे सलग दोन-तीन वर्षं तोच चेहरा दिसला तर माणसं मोकळी होतात. अडचणीच्या दिवशी तीच फोन उचलतात.

कोकमं आणि काजूगर बांधून ठेवले आहेत, जाताना घेऊन जा. पहिली बैठक झाली की कोण कोण गप्प बसलं होतं तेवढं मला कळव.

तुझा,
काका