ऑटोकॅडमध्ये कोन मोजत बसू नकोस

ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तिरकी भिंत आडवी करायला रोटेट (फिरवायची कमांड) वापरताना भिंतीचा कोन आधी मोजायचा, २७.३४ असा आकडा कागदावर उतरवायचा आणि मग उलट चिन्हाने टाइप करायचा, हा उद्योग आधी सोड. दशांशाच्या पुढचे अंक सुटतात आणि रेघ आडवी दिसली तरी आडवी नसते. पुढे हॅच (आत भरायच्या रेघा) आणि डायमेन्शन (मापं) टाकताना ते नडतं.

त्याऐवजी रोटेट देऊन ऑब्जेक्ट निवड, बेस पॉइंट (ज्याभोवती फिरवायचं तो बिंदू) म्हणून भिंतीचा कोपरा पकड, आर टाइप करून एंटर मार. आता रेफरन्स, म्हणजे सध्याचा कोन, विचारेल. तोच कोपरा क्लिक कर, मग भिंतीचं दुसरं टोक, आणि नवा कोन ० दे. संपलं. दुसऱ्या रेघेला समांतर हवं असेल तर शून्याऐवजी पी (पॉइंट्स) देऊन त्या रेघेची दोन टोकं दाखव. एफ३ (ऑब्जेक्ट स्नॅप, म्हणजे नेमकं टोक पकडणारी सोय) मात्र चालू हवं, नाहीतर टोक समजून भलतीकडेच क्लिक होतं.

नेहमीच्या सेटिंगमध्ये शून्य पूर्वेला असतं आणि धन कोन घड्याळाच्या उलट दिशेने जातो. सर्व्हेवाले बेअरिंग (रेघेच्या दिशेचा कोन) उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने देतात, म्हणून त्यांचा आकडा जसाच्या तसा टाकायचा नाही.

आणि सर्व्हेचं ड्रॉइंग तर फिरवूच नकोस! को-ऑर्डिनेट बिघडले की साइटवर आखणी चुकते. प्लॉट तिरका आहे म्हणून काम करणं जड जात असेल तर यूसीएस (आपण ठरवलेली अक्षांची दिशा) झेड अक्षाभोवती फिरव आणि त्या अक्षांप्रमाणे व्ह्यू सरळ करणारी प्लॅन कमांड दे. स्क्रीनवर सगळं सरळ दिसतं, मूळ ड्रॉइंग जागचं हलत नाही.