अलास्काची सॅक भरताना

अलास्कासाठी केलेली तुझी सामानाची यादी वाचली. सह्याद्रीतल्या ट्रेकची वाटतेय. गेट्स ऑफ द आर्क्टिक या तिथल्या राष्ट्रीय उद्यानात ना रस्ता, ना पायवाट, ना कांदाभजी. छोटं विमान नदीकाठी सोडून जातं. हवा बिघडली तर न्यायला उशिरा येतं. दोन-तीन दिवसांचा जादा शिधा हवाच.

खाणं अस्वलाला उघडता येणार नाही अशा कडक डब्यात. तिथे तो सक्तीचाच आहे. टूथपेस्ट, सनस्क्रीनही त्यातच, हे सगळे विसरतात. दशम्या फार जागा खातात. सातूचं पीठ, गूळ, दाण्याची चटणी घरीच डब्यात दाबून बघ, बोटाने कोपरे भर. स्टोव्हचा गॅस आणि अस्वल पळवायचा स्प्रे मोठ्या प्रवासी विमानात चालत नाही, अलास्कातल्या फेअरबँक्स शहरात उतरल्यावर घे.

टॉर्चऐवजी डोळ्यांवरची पट्टी घे, जूनमध्ये तिथे रात्रच होत नाही. डोक्यावरची मच्छरजाळी मात्र दोन. माझी एकुलती एक झुडपात फाटली, पुढचे चार दिवस चहाबरोबर डास गिळले. जीन्स यादीतून काढ. पाय रोज भिजणार. झोपायचे लोकरी मोजे वेगळे, प्लास्टिकमध्ये बांधून.

येत्या रविवारी भरलेली सॅक घेऊन सिंहगड चढ. पुणे दरवाजाशी खांदे काय म्हणतात ते कळव, मग उरलेलं काढू.