स्कॅनर नंतर घ्या भाऊ, आधी रद्दीवाल्याला थांबवा

भाऊ, तुम्ही लिहिलंय की नागपूरच्या इतवारीत होलसेलचं दुकान आहे, वडिलांच्या काळापासूनच्या खतावण्या, बिलबुकं, चलानं यांनी कपाटं भरलीत, तर स्कॅनर कोणता घेऊ आणि काम झालं की कागद रद्दीत देऊ का. रद्दीची घाई अजिबात करू नका.

जीएसटीचं रेकॉर्ड त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावंच लागतं, म्हणजे २०२३-२४ चं डिसेंबर २०३० पर्यंत, आणि अपील वगैरे सुरू असेल तर त्याहून जास्तही. कॉम्प्युटरवर ठेवलं तरी चालतं पण डिजिटल सही आणि बॅकअप पाहिजे, ते तुमच्या सीएला विचारून घ्या. दुकानाची रजिस्ट्री, पार्टनरशिप डीड, स्टॅम्प पेपरवरचं काहीही असेल तर स्कॅन करा पण ओरिजिनल कधीच टाकू नका. कोर्टात स्कॅन दाखवायची वेळ आली तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट जोडावं लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइलमधूनच निघणारा, तिच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) लिहावी लागते.

आता सुरुवात कुठून, तर थर्मल पेपरच्या बिलांपासून. ट्रान्सपोर्टच्या, पेट्रोलच्या, कार्ड मशीनच्या ज्या गुळगुळीत पावत्या असतात ना, त्या आपल्या नागपूरच्या मे महिन्यात बंद कपाटात राहिल्या तर अक्षरं फिकी पडत पडत कोरा कागद उरतो, मग कोणताच स्कॅनर कामाचा नाही. त्या झाल्या की चालू वर्षं घ्या, जुन्या खतावण्या सगळ्यात शेवटी. शिवलेली खतावणी स्कॅनरच्या फीडरमध्ये (कागद आपोआप आत ओढणाऱ्या भागात) घालायला फाडू नका, सपाट ठेवून वरून फोटो घ्या. सुट्या बिलांच्या पिना मात्र आधी काढा, नाहीतर रोलर खराब होतो. स्कॅनची बारकाई ३०० डीपीआय पुरे आहे, फाइल पीडीएफ-ए मध्ये, म्हणजे वर्षानुवर्षं जपून ठेवायच्या पीडीएफमध्ये, सेव्ह करा.

खरी मेहनत नावात आहे. 'स्कॅन००४७' अशा हजार फाइली म्हणजे कपाटातला पसारा कॉम्प्युटरमध्ये नेला, एवढंच. तारीख वर्षापासून लिहा, मग पार्टीचं नाव, मग बिल नंबर: २०२३-०८-१५, पार्टी, नंबर. सगळं आपोआप ओळीने लागतं. छापील मराठी टेसरॅक्टसारखं, स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं फुकटचं सॉफ्टवेअरही बऱ्यापैकी वाचतं, पण मुनीमजींच्या हस्ताक्षराची त्याच्याकडून आशा करू नका, तिथे नावच कामाला येतं.

बॅकअप त्याच दुकानात ठेवाल तर तो बॅकअपच नाही. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा तळमजल्यांत किती पाणी घुसलं होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. एक कॉपी दुकानात, एक घरी एन्क्रिप्ट केलेल्या (पासवर्डशिवाय वाचता न येणाऱ्या) हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर. गिऱ्हाइकांच्या आधार-पॅनच्या झेरॉक्स असतील तर त्यांचं फोल्डर वेगळं ठेवा, ते कामावरच्या पोरांना उघडता येऊ नये, आणि पासवर्ड घरातल्या अजून एका माणसाला माहीत असू द्या.

स्कॅनर साधा, फीडरवाला, दोन्ही बाजू एकदम घेणारा बघा. घेण्याआधी तुमचीच मळकी, घडी पडलेली बिलं सोबत नेऊन दुकानात चालवून बघा.