कला आणि तंत्रज्ञान न्यायाच्या बाजूनं असतात की सत्तेच्या?

तुमचा प्रश्न असा आहे: कला आणि तंत्रज्ञान ही अन्यायाविरुद्धची हत्यारं आहेत असं शिकवतात, पण प्रत्यक्षात दोन्ही सत्तेच्याच हातात दिसतात, मग नव्या साधनांवर कलाकारानं विश्वास ठेवावा का?

मी २२ वर्षं फोटो काढतेय, म्हणून कॅमेऱ्याबद्दल जे कळलंय तेवढंच सांगते.

शिकत होते तेव्हा एका शाळेचे ग्रुप फोटो काढायचं काम मिळालं. फिल्मचा काळ. प्रिंट आल्या तर मागच्या रांगेतल्या एका काळ्यासावळ्या मुलीच्या चेहऱ्याच्या जागी नुसता गडद डाग, त्यात डोळे आणि दात. ती मुलगी बराच वेळ रांगेवरून बोट फिरवत स्वतःला शोधत राहिली. मला शिकवणारे म्हणाले, "तिचा रंगच तसा, त्याला आपण काय करणार?" मला ते पटलं. पुढे कितीतरी वर्षं मी लोकांना सांगत आले, "जरा उजेडाकडे तोंड करा, नाहीतर दिसणार नाही." जणू दोष त्यांचाच.

त्या डागामागचा इतिहास मी फार उशिरा वाचला. १९५० च्या दशकापासून फिल्म बनवणारी कोडॅक कंपनी फोटो धुणाऱ्या लॅबना एक नमुना फोटो पाठवायची. गोऱ्या तरुणीचा. रंगांची मशीनं त्या चेहऱ्याशी जुळवायची. पहिली मॉडेल शर्ली नावाची, कंपनीतलीच कर्मचारी होती, म्हणून त्या कार्डालाच 'शर्ली' म्हणू लागले. शर्लीची त्वचा नीट आली की मशीन नीट. फिल्मवरचे रसायनांचे थरही उजळ त्वचेचे बारकावे चांगले टिपतील असे बसवलेले होते. तपकिरी छटांमधला फरक त्यांना नीट पकडता यायचा नाही. या छटांवर कंपनीनं मनापासून काम सुरू केलं ते लाकडी फर्निचर आणि चॉकलेटच्या जाहिराती करणाऱ्यांनी तक्रारी केल्यावर. वेगवेगळ्या लाकडांच्या छटा फोटोत नीट वेगळ्या दिसत नाहीत, अशा त्या तक्रारी. माणसांच्या चेहऱ्यांसाठी एवढी घाई कुणाला वाटली नव्हती. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेलं कार्ड यायला १९९० चं दशक उजाडलं.

सत्ता म्हटलं की आपल्याला पोलीस आणि तुरुंग आठवतात. मला मात्र आधी ते कार्ड आठवतं. कुणाचा चेहरा प्रमाण धरायचा हे कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं, आणि पुढचे सगळे त्यालाच निसर्गनियम समजतात. मीही समजत होते.

दुसरी गोष्ट पोलरॉइडची, झटपट फोटो देणारे कॅमेरे बनवणाऱ्या कंपनीची. १९७० साली अमेरिकेत त्या कंपनीत काम करणाऱ्या कॅरोलिन हंटर या कृष्णवर्णीय रसायनतज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी केन विल्यम्स यांच्या नजरेस कंपनीतच एक नमुना ओळखपत्र पडलं. दक्षिण आफ्रिकेच्या खाण खात्याचं. तिथं वर्णभेदाचं राज्य होतं. कृष्णवर्णीय माणसाला पासबुक, म्हणजे ये-जा करायच्या परवान्याची फोटो लावलेली पुस्तिका, जवळ बाळगावंच लागे, ते नसलं की अटक. आणि त्या पासांसाठीचे फोटो मिनिटभरात तयार करून देत होता आपल्या कंपनीचा कॅमेरा! दोघांनी पत्रकं लावली, निदर्शनं केली, बहिष्काराची हाक दिली. हंटर यांची नोकरी गेली. कंपनीनं आधी इन्कार केला, मग १९७१ मध्ये तिथल्या सरकारला माल विकणं बंद करतो असं जाहीर केलं. पण तिथला वितरक गुपचूप सरकारला माल देतच होता. हे उघड झाल्यावर १९७७ मध्ये कंपनीनं तो देश सोडला. सात वर्षं लागली.

याच देशात अर्नेस्ट कोल हा कृष्णवर्णीय तरुण कॅमेरा घेऊन फिरत होता. पास तपासताना हातकड्या घातलेली माणसं, खाणीत भरती करताना भिंतीकडे तोंड करून नागवे उभे केलेले मजूर, हे त्यानं टिपलं. १९६६ मध्ये त्यानं देश सोडला. पुढच्या वर्षी अमेरिकेत निघालेल्या त्याच्या पुस्तकावर दक्षिण आफ्रिकेनं बंदी घातली. म्हणजे एक कॅमेरा माणसांना पासात अडकवत होता आणि दुसरा तेच जगाला दाखवत होता. म्हणून 'साधन कुणाच्याही बाजूचं नसतं' असं कुणी म्हटलं की मला ते अपुरं वाटतं. शर्ली कार्ड कुणाच्या तरी बाजूचंच होतं. कोलला त्याच कलत्या साधनातून काम काढून घ्यावं लागलं.

संगणकाचंही निराळं नाही. जॉय ब्युओलाम्विनी या कृष्णवर्णीय संगणकतज्ज्ञ विद्यार्थिनी असताना चेहरा शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यांचा चेहरा दिसेना. पांढरा मुखवटा घातल्यावर दिसला. २०१८ मध्ये त्यांनी संशोधक टिमनिट गेब्रू यांच्यासह तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखताना उजळ वर्णाच्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के होती, गडद वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. माझ्या शाळेच्या फोटोतला तोच डाग, आता आकड्यांत. तेव्हा नव्या साधनाबद्दल विश्वासाचा प्रश्न मी जरा नंतर विचारते. आधी विचारते की हे कुणाचे चेहरे दाखवून घडवलंय, आणि चुकलं तर 'थांबा' म्हणायचा अधिकार कुणाला आहे.

हा प्रश्न कलाकारालाही लागू होतो, आणि मला सगळ्यात जास्त तोच छळतो. १९३६ मध्ये डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियात मजुरांच्या छावणीतल्या एका स्थलांतरित मजूर आईचा फोटो काढला. मंदीच्या दिवसांची ओळखच होऊन बसलेला. लँग कळकळीनं काम करणाऱ्या होत्या, त्या छावणीला अन्न पोहोचलं ते या फोटोंमुळे. पण त्यांनी त्या बाईला नावसुद्धा विचारलं नाही. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळलं १९७८ मध्ये, आणि तेव्हा त्या म्हणाल्या, हा फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं. त्यांना त्यातून एक पैसाही मिळाला नव्हता.

याच्या उलट फ्रेडरिक डग्लस. गुलामगिरीतून निसटलेला हा माणूस एकोणिसाव्या शतकात सर्वाधिक फोटो काढलेला अमेरिकन मानला जातो. त्याचे सुमारे १६० फोटो सापडलेत. कृष्णवर्णीयांची विद्रूप व्यंगचित्रं सगळीकडे छापली जात असताना तो मुद्दाम कॅमेऱ्यासमोर बसायचा, गंभीर, रोखून बघत. कसं दिसायचं हे त्याचं तो ठरवायचा.

हे वाचल्यापासून मी फोटो काढला की आधी समोरच्या माणसाला दाखवते. मध्यंतरी कामावरून काढलेल्या मजुरांच्या धरण्यात एक बाई रडत होती. काय फोटो आला होता! मी कॅमेरा तिच्यापुढे धरला. तिनं नीट पाहिला आणि म्हणाली, "हा नको. रडतानाचा नको, बाई." मग डोळे पुसले, केस सारखे केले, पाठ ताठ करून बसली आणि म्हणाली, "आता काढा." दुसरा फोटो पहिल्याच्या जवळपासही जात नाही. पाठवला तोच, खाली तिनं सांगितलं तसं तिचं नाव लिहून.