ट्रेडिंग आणि गुंतवणुकीत नेमका फरक काय? महिन्याला ८,००० रुपये उरत असतील तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: वय २५, चाकणला नोकरी, महिन्याला साधारण ८,००० रुपये शिल्लक राहतात. खोलीतले मित्र ऑप्शनमध्ये ट्रेडिंग करतात, त्यांचं बघून तुम्हीही दोन-चार सौदे केलेत. आता नीट शिकून सुरुवात करायची आहे, पण एवढ्या शब्दांत आधी काय धरावं ते कळत नाही. आणि केलेल्या सौद्यांचं कराच्या दृष्टीनं काय करायचं, हेही विचारलंय.

मी सांगलीत कर सल्लागार म्हणून काम करतो. विवरणपत्रं भरण्याच्या हंगामात लोकांचे ब्रोकरकडचे नफा-तोट्याचे अहवाल माझ्या टेबलावर येतात. माझं मत त्या कागदांवरून बनलंय, ते तसंच वाचा.

बाजारातला कुठलाही व्यवहार करण्याआधी एक विचारा: यातला नफा मला देणार कोण? याचं उत्तर आलं की बाकीचे शब्द आपोआप जागेवर बसतात.

तुम्ही एखाद्या कंपनीचा शेअर घेऊन काही वर्षं ठेवला, तर नफा देणारी असते ती कंपनी. ती माल विकते, कामगारांचे पगार, कर्जाचं व्याज आणि कर भरते, उरलेल्यातला थोडा भाग लाभांश म्हणून वाटते आणि बाकीच्यातून नवी यंत्रं घेते, नवा कारखाना उभारते. पुढच्या वर्षी जास्त कमावते. दहा वर्षांत कमाई चौपट झाली तर शेअरचा भाव फार काळ जुन्या जागी राहत नाही. इथे तुमचा फायदा होण्यासाठी दुसऱ्या कुणाचं नुकसान व्हायची गरज नाही. ही गुंतवणूक.

सकाळी सव्वानऊला बाजार उघडल्यावर घेतलेला शेअर दुपारी साडेतीनच्या आत विकला, तर त्या सहा तासांत कंपनीनं वेगळं काही कमावलेलं नसतं. तुम्हाला मिळालेले ५०० रुपये दुसऱ्या कुणाच्या तरी खिशातून आलेले असतात. हे ट्रेडिंग. शिवाय दोघांकडूनही ब्रोकर, एक्स्चेंज आणि सरकार आपापला वाटा काढून घेतात. म्हणजे सगळ्या ट्रेडरांचा मिळून हिशेब केला तर तो शून्याच्याही खाली जातो. काही जण कमावतात, हे खरं आहे. पण तुमच्या समोरच्या बाजूला कोण बसलंय, ते आधी बघायला हवं.

तो वाटा किती असतो, हे लोक मोजतच नाहीत, म्हणून इथे मोजून दाखवतो. समजा तुम्ही इंट्राडेत, म्हणजे एकाच दिवसातल्या सौद्यात, १ लाखाचे शेअर घेतले आणि त्याच दिवशी विकले. ब्रोकरेज दोन्ही बाजूंचं २० अधिक २०, म्हणजे ४० रुपये. विक्रीवर एसटीटी (शेअरच्या सौद्यांवरचा सरकारी कर) ०.०२५ टक्के, म्हणजे २५ रुपये. एक्स्चेंजचे सुमारे ६, मुद्रांक शुल्क ३, आणि ब्रोकरेज-शुल्कावर १८ टक्के जीएसटीचे ८ रुपये. बेरीज सुमारे ८२ रुपये. ऐकायला किरकोळ. पण इंट्राडेत पाचपटीपर्यंत उधारी मिळते, त्यामुळे हा १ लाखाचा सौदा बहुतेक जण २०,००० रुपयांवर करतात. वर्षात बाजाराचे दिवस साधारण २५०. रोज असा एकच सौदा केला तरी वर्षाचा खर्च २०,५०० रुपये. म्हणजे एकाही सौद्यात तोटा झाला नाही आणि फायदाही झाला नाही, तरी तुमचं सगळं भांडवल फक्त खर्चात गेलं! माझ्याकडे येणाऱ्या अहवालांत खर्चाचा हा रकाना शेवटी असतो आणि बहुतेकांनी तो कधी उघडून पाहिलेलाच नसतो.

ऑप्शनचं तर याहून कठीण आहे. कॉल ऑप्शन म्हणजे जमिनीचा इसार समजा. तुम्ही १० लाखांच्या जमिनीला २०,००० इसार दिला आणि दोन महिन्यांची मुदत घेतली. मुदतीत जमीन १२ लाखांवर गेली तर तुमचा फायदा मोठा. भाव तिथंच राहिला आणि तुम्ही व्यवहार पूर्ण केला नाही, तर इसार बुडाला. ऑप्शनचा प्रीमियम हा असाच इसार आहे, फक्त मुदत कधी आठवड्याची, तर कधी त्याच दुपारची. भाव तुमच्या दिशेनं गेला पण हळू गेला, तरी प्रीमियम विरघळत जातो. म्हणजे दिशा, वेग आणि वेळ हे तिन्ही अंदाज एकदम बरोबर यावे लागतात. पुट ऑप्शनमध्ये तेच उलट, भाव पडण्यावर. आणि ऑप्शन विकणाऱ्याची गोष्ट वेगळीच. त्याला मिळणारा इसार ठरलेला आणि होणारा तोटा मात्र कुठवर जाईल सांगता येत नाही. 'ऑप्शन सेलिंग म्हणजे दर महिन्याचं भाडं' असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर हे वाक्य त्याच्यासमोर ठेवा.

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबी या सरकारी संस्थेनं सप्टेंबर २०२४ मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स (पुढच्या तारखेला ठरल्या भावानं घ्यायचे-विकायचे करार) आणि ऑप्शन करणाऱ्या १ कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्के लोक तोट्यात होते. तोटा सरासरी २ लाख रुपये माणशी, एकूण १.८ लाख कोटींच्या वर. खर्च वजा जाता १ लाखापेक्षा जास्त कमावणारे फक्त १ टक्का. मग हा पैसा गेला कुठे? २०२३-२४ मध्ये मोठ्या दलाली पेढ्यांच्या स्वतःच्या खात्यांनी ३३,००० कोटी आणि परदेशी संस्थांनी २८,००० कोटी रुपयांचा ढोबळ नफा कमावला, आणि त्यातला जवळजवळ सगळा संगणकी अल्गोरिदमवरून. तुमच्या मित्रांच्या समोर बसलेले हे लोक आहेत. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे, तो मला फार लागतो: हे सौदे करणाऱ्यांत तिशीच्या आतले लोक एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. नोव्हेंबर २०२४ पासून सेबीनं करारांचा आकार वाढवला आणि आठवड्याच्या एक्सपायऱ्या (मुदत संपण्याचे दिवस) कमी केल्या, तरी २०२४-२५ मध्येही ९१ टक्के लोक तोट्यातच होते.

म्हणून तुम्हाला स्पष्टच सांगतो. ८,००० रुपयांवर ऑप्शन करू नका, आणि पगार वाढल्यावरही करू नका.

आता सुरुवातीचं. कंपनीचा ग्रुप विमा नोकरीसोबत जातो, म्हणून स्वतःचा आरोग्य विमा वेगळा घ्या. आई-वडील तुमच्या कमाईवर अवलंबून असतील तर साधा टर्म विमाही घ्या. चार ते सहा महिन्यांचा खर्च बँकेत साठेपर्यंत ८,००० मधले ५,००० आरडीत जाऊ द्या आणि ३,००० रुपयांची एसआयपी (दर महिन्याला ठरलेली रक्कम गुंतवणं) निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडात सुरू करा. साठा झाला की ते ५,०००ही इकडे वळवा. चाकणच्या कारखान्यांत मंदीच्या वेळी कंत्राटी आणि नव्या लोकांना आधी घरी बसवतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. अशा वेळी बाजारही बहुधा पडलेला असतो. हाताशी रोकड नसेल तर पडलेल्या भावात फंड विकावा लागतो, आणि खरं नुकसान तिथं होतं.

इंडेक्स फंडच का, तर तो निर्देशांकातल्या ५० मोठ्या कंपन्यांत त्यांच्या वजनानुसार पैसे लावतो. कुठली कंपनी चालेल हे कुणाला ओळखावं लागत नाही, त्यामुळे त्याचा खर्चही कमी असतो. घेताना 'डायरेक्ट' प्लॅन घ्या. रेग्युलर प्लॅनमध्ये वितरकाचं कमिशन दरवर्षी तुमच्या पैशातूनच जातं. हा फरक १ टक्का धरला, तर १० लाख रुपये २० वर्षं ११ टक्क्यांनी वाढून सुमारे ८०.६ लाख होतात आणि १० टक्क्यांनी ६७.३ लाख. एका टक्क्यानं १३ लाख गेले. (चांगला सल्लागार मिळाला तर त्याला एकदाची ठरलेली फी जरूर द्या. त्याच्या ज्ञानाचे पैसे द्यायला माझी हरकत नाही.)

एसआयपी म्हणजे तोटा नाही, असं मात्र समजू नका. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,००० च्या वर गेला होता, ऑक्टोबरात तो ८,००० च्या खाली आला आणि पुन्हा टिकून २१,००० च्या वर जायला २०१३ चं वर्ष संपत आलं. २३ मार्च २०२० ला एका दिवसात १३ टक्के पडला. जपानच्या निक्केईला तर १९८९ च्या शिखरावर परत यायला २०२४ उजाडलं. निर्देशांकही दीर्घकाळ मान टाकू शकतो, म्हणून पाच-सात वर्षांत लागणारे पैसे, म्हणजे बहिणीचं लग्न, घराचं डाऊन पेमेंट, इथे ठेवायचे नाहीत. आणखी एक हिशेब: ५० टक्के पडलेली रक्कम मूळ जागी यायला १०० टक्के वाढावी लागते. पन्नासातून शंभर करायचे असतात, ते असं.

पुढे कधी स्वतः शेअर घ्यावेसे वाटले, तर 'स्वस्त शेअर' ही कल्पना आधी डोक्यातून काढा. जून २०२३ मध्ये एमआरएफचा एक शेअर १ लाखावर गेला, कारण त्या कंपनीचे एकूण शेअरच सुमारे ४२.४ लाख आहेत. ज्या कंपनीचे शेअर हजारो कोटी आहेत, तिचा शेअर आठ-दहा रुपयांना मिळाला तरी पूर्ण कंपनीची किंमत एमआरएफएवढी किंवा जास्तही निघू शकते. भाव गुणिले एकूण शेअर, म्हणजे मार्केट कॅप, हा कंपनीचा खरा भाव. तो तिच्या नफ्याच्या किती पट आहे, हे पी-ई सांगतं. शेअर ५०० ला असेल आणि दर शेअरमागे वर्षाचा नफा २५ असेल, तर पी-ई २०. तो कमी असणं म्हणजे नेहमी चांगलं असं नाही, बुडत्या कंपनीचाही पी-ई कमी दिसू शकतो. बोनस शेअर मिळाले की लोक पेढे वाटतात, पण एकास एक बोनसनंतर भाव निम्मा होतो आणि तुमची मालकी तेवढीच राहते.

व्यवहारातल्या गोष्टी थोडक्यात. शेअर ब्रोकरकडे नसतात, एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीत (शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात सांभाळणारी संस्था) तुमच्या नावानं असतात. तिथून थेट ई-मेलनं येणारं स्टेटमेंट उघडून ॲपमधल्या आकड्यांशी जुळवा, आणि खात्याला नॉमिनी नोंदवा. ऑर्डर देताना 'मार्केट' (मिळेल त्या भावाला) ऐवजी 'लिमिट' (तुम्ही ठरवलेल्या भावाला) वापरा. फारशी उलाढाल नसलेल्या शेअरमध्ये मार्केट ऑर्डर भलत्याच भावाला लागते.

टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवरचे टिप्स देणारे गट आजच सोडा. सेबीकडे नोंदलेल्या गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक 'आयएनए'नं सुरू होतो आणि रिसर्च ॲनालिस्टचा 'आयएनएच'नं. तो सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा, समोरच्यानं पाठवलेल्या फोटोवर जाऊ नका. नोंदणी असली तरी 'महिन्याला ५ टक्के नक्की' म्हणणारा माणूस नियम मोडतोय, कारण परताव्याची हमी देण्याची परवानगी त्यांच्यापैकी कुणालाच नाही. शिकायचं असेल तर सेबीची शिक्षणसंस्था 'एनआयएसएम' आहे, आपल्या रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला. तिची नवशिक्या गुंतवणूकदारांसाठीची परीक्षा मोफत आहे, अभ्याससाहित्यही मोफत मिळतं.

राहिला कर. शेअर किंवा इक्विटी फंड वर्षाच्या आत विकला तर नफ्यावर २० टक्के. वर्षानंतर विकला तर आर्थिक वर्षातले पहिले १.२५ लाख सोडून वरच्यावर १२.५ टक्के. ऑप्शनचे सौदे मात्र व्यवसायाचं उत्पन्न धरले जातात, म्हणून ते केल्यावर विवरणपत्राचा नेहमीचा फॉर्म, आयटीआर-१, चालत नाही, आयटीआर-३ भरावा लागतो. चारच सौदे केले असले आणि सगळ्यांत तोटा झाला असला, तरीही. ऑप्शनचा तोटा पगारातून वजा होत नाही, पण विवरणपत्र मुदतीत भरलं तर पुढची आठ वर्षं ओढता येतो. इंट्राडेचा तोटा सट्ट्याचा मानतात, तो चारच वर्षं ओढता येतो आणि फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून वजा होतो. तेव्हा ब्रोकरच्या ॲपमधून या वर्षाचा 'टॅक्स पी अँड एल' उतरवून घ्या, आयकर खात्याच्या पोर्टलवरच्या एआयएसशी (तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांची खात्याकडची नोंद) ताडून बघा आणि फॉर्म १६ सोबत दोन्ही कागद विवरणपत्र भरणाऱ्याकडे द्या. त्यानं विचारलं नाही, तरी सौदे केल्याचं त्याला सांगा.