रिकव्हरिन मागवताय? आधी शेपटीचं विचारा

प्रश्न: मॅडम, मी एमएस्सीला आहे, प्रोजेक्टसाठी रिकव्हरिन मिळालंय. हे प्रोटीन डोळ्यात नक्की करतं काय?

उत्तर: अगं, रेटिनातल्या रॉड आणि कोन या उजेड टिपणाऱ्या पेशींमध्ये असतं हे, जेमतेम 23 किलोडाल्टनचं. अंधारात या पेशींत कॅल्शियम जास्त असतं, उजेड पडला की चॅनल बंद होतात आणि ते उतरतं. कॅल्शियम जास्त असताना रिकव्हरिन ऱ्होडॉप्सिन कायनेज या एन्झाइमला धरून ठेवतं, उतरलं की सोडून देतं, मग ते कायनेज उजेडाने जाग्या झालेल्या ऱ्होडॉप्सिनवर, म्हणजे उजेड टिपणाऱ्या प्रोटीनवर, फॉस्फेट चढवतं आणि अरेस्टिन नावाचं प्रोटीन येऊन त्याला गप्प करतं. 1991 मध्ये वाटलेलं की हे ग्वानिलेट सायक्लेज नावाचं एन्झाइम चालू करून पेशीला अंधारातल्या स्थितीत रिकव्हर करतं, नाव त्यावरून पडलं. ते काम नंतर दुसऱ्याच प्रोटीनचं निघालं, नाव राहिलं, त्यामुळे जुने पेपर जपून वाच.

प्रश्न: ई-कोलाय बॅक्टेरियात बनवलेलं रिकव्हरिन स्वस्तात मिळतंय, हिस-टॅग (प्रोटीन शुद्ध करायला जोडलेला छोटा तुकडा) पुढच्या टोकाला आहे. मेम्ब्रेन बाइंडिंगच्या, म्हणजे प्रोटीन पेशीच्या पडद्याला चिकटतं का बघायच्या, प्रयोगाला चालेल का?

उत्तर: नाही चालणार, आणि हे मी अगदी कळकळीने सांगतेय कारण यात लोकांचे महिनेच्या महिने जातात. रिकव्हरिनच्या पुढच्या टोकाच्या ग्लायसिनला एक चरबीची शेपटी असते, मायरिस्टोइल. कॅल्शियम नसताना ती प्रोटीनच्या पोटात दडलेली असते, कॅल्शियम बसलं की बाहेर येते आणि मेम्ब्रेनमध्ये रुतते, सगळी गंमत या स्विचमध्येच आहे. ई-कोलायकडे ही शेपटी लावणारं एन्झाइमच नाही. म्हणून ते एन्झाइम, यीस्टचं एन-मायरिस्टोइल ट्रान्सफरेज, दुसऱ्या प्लाझ्मिडवरून सोबत बनवून घ्यायचं आणि इंडक्शनच्या (प्रोटीन बनवणं सुरू करायच्या) आधी मीडियात मायरिस्टिक अ‍ॅसिड घालायचं. टॅग पुढे लावला तर ग्लायसिन मोकळं राहतच नाही, म्हणजे एन्झाइम असूनही शेपटी लागणार नाही, टॅग हवाच असेल तर मागच्या टोकाला. विकणाऱ्याला सरळ विचारा, मायरिस्टोइल आहे का, मास स्पेकचा (रेणूचं नेमकं वजन मोजणाऱ्या यंत्राचा) डेटा दाखवा. शेपटी असेल तर वजन 210 डाल्टनने जास्त दिसतं, साध्या जेलवर एवढ्याशा फरकाचा भरवसा धरू नका. अँटिबॉडी तपासायला किंवा वेस्टर्न ब्लॉटला कंट्रोल म्हणून मात्र बिनशेपटीचं खुशाल घ्या.

प्रश्न: आमच्या मोजणीत कॅल्शियमचा केडी (निम्मं प्रोटीन भरायला लागणारं प्रमाण) 17 मायक्रोमोलर येतोय, पेशीत तर एक मायक्रोमोलरही नसतं. प्रोटीन खराब आहे का?

उत्तर: उलट, छान आहे! शेपटीवाल्या रिकव्हरिनचा आकडा साधारण तोच आहे. चार ईएफ-हँडपैकी (कॅल्शियम धरायच्या खोबणींपैकी) दुसरा आणि तिसरा हेच दोन कॅल्शियम धरतात. शेपटी नसेल तर एक 0.11 ला आणि दुसरा 6.9 मायक्रोमोलरला धरतो. शेपटी पोटात असली की प्रोटीन घट्ट मिटलेलं असतं, ते उघडायला जास्त कॅल्शियम लागतं. पेशीत मेम्ब्रेन आणि कायनेज दोन्ही शेजारी असतात, ते उघडलेल्या रूपालाच पकडून ठेवतात म्हणून तिथे कमी कॅल्शियमवर भागतं. नुसत्या बफरमधला आकडा पेशीवर लावू नका एवढंच.

प्रश्न: कॅल्शियम घातलं की ट्यूब पांढरी होतेय.

उत्तर: बफर फॉस्फेटचा आहे ना? तो कॅल्शियम फॉस्फेटचा साका आहे, प्रोटीन नाही. आम्हीही याच्यापायी आठवडा घालवला होता, प्रोटीनच बसलंय समजून. हेपीस किंवा ट्रिस बफर घ्या. कॅल्शियम पकडायला घालतात त्या ईजीटीएने कॅल्शियम धरलं की पीएच खाली येतो, तोही तपासा. काचेच्या भांड्यातून आणि पाण्यातून कॅल्शियम येतं, म्हणून प्लॅस्टिक वापरा. रिकव्हरिनमध्ये सिस्टीन हे अमिनो अ‍ॅसिड एकच आहे आणि ते सहज ऑक्सिडाइज होतं, ते टाळणारं डीटीटी विसरू नका, आणि छोटे छोटे भाग करून उणे 80 ला ठेवा, पुन्हापुन्हा वितळवू नका.

प्रश्न: वडिलांना फुप्फुसाचा कॅन्सर आहे, नजर झपाट्याने कमी झाली, रिपोर्टमध्ये अँटी-रिकव्हरिन अँटिबॉडी आल्यात. हे प्रोटीन औषध म्हणून देता येईल का?

उत्तर: नाही दादा, ते फक्त प्रयोगशाळेसाठी असतं, शरीरात द्यायचं नसतं. काही कॅन्सर, विशेषतः फुप्फुसाचा स्मॉल सेल प्रकार, स्वतःच रिकव्हरिन बनवायला लागतात, मग शरीर त्याविरुद्ध अँटिबॉडी करतं आणि त्याच रेटिनाला जाऊन इजा करतात. लॅबमध्ये बनवलेलं रिकव्हरिन या अँटिबॉडी शोधायच्या टेस्टमध्ये वापरतात, तुमच्या रिपोर्टमागेही बहुधा तेच असेल. रेटिनाचे डॉक्टर आणि कॅन्सरचे डॉक्टर दोघांना एकत्र बोलायला लावा, आणि नजर झपाट्याने जातेय म्हणताय तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, उद्याच फोन करा.