‘रन’ म्हणजे धावणे, मग इंग्रजीत नाक, नळ आणि दुकान कसे ‘रन’ होतात?

शाळेत ‘रन म्हणजे धावणे’ एवढंच पाठ करून घेतात, तिथेच घोळ होतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या संपादकांनी या एका क्रियापदाचे सहाशेहून जास्त अर्थ वेगळे काढलेत. ते पाठ करायच्या फंदात पडू नका.

मी एवढंच बघतो, की तिथे मराठीतलं ‘चालणे’ किंवा ‘वाहणे’ बसतं का. बहुतेकदा बसतं. इंग्रजीत दुकान ‘रन’ करतात, आपण चालवतो. मशीन चालतं, नाटक महिनोन् महिने चालतं, तेही रनच. नाक, नळ, नदी वाहतात आणि धुताना कपड्याचा रंग सुटतो तोही त्यातलाच. हे ओढूनताणून जुळवलेलं नाही. जुन्या इंग्रजीत या धातूला धावणे आणि वाहणे असे दोन्ही अर्थ होते. त्याचं जर्मन भावंड ‘रिनेन’ आजही वाहण्यासाठीच वापरतात.

निवडणुकीची गंमत वेगळी. अमेरिकेत उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये ‘स्टँड’. आपणही निवडणुकीला उभेच राहतो! ‘बँक रन’ म्हणजे पैसे काढायला ठेवीदारांची उडालेली झुंबड. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून एकाच दिवसात ४२ अब्ज डॉलर काढले गेले आणि दुसऱ्या दिवशी बँक बंद झाली.

शेपटीला ‘आउट’, ‘इनटू’, ‘ओव्हर’ लागलं की मात्र माझी युक्ती लंगडी पडते. क्रिकेटमधला रनआउट धावचीत, पण स्वयंपाकघरात साखर ‘रन आउट’ झाली म्हणजे संपली. मित्राला ‘रन इनटू’ केलं तर अचानक गाठ पडली, खांबाला केलं तर आदळलात. माणूस ‘रन ओव्हर’ झाला म्हणजे गाडीखाली आला, मीटिंग झाली म्हणजे नुसतीच लांबली. हे प्रयोग वाक्यासकटच लक्षात ठेवावे लागतात.

आणि आपल्याकडचे वापर विसरू नका. काम चालू असतानाच कंत्राटदार टप्प्याटप्प्याने देतो ते ‘रनिंग बिल’. रेल्वेची ‘रनिंग रूम’ ही लोको पायलट (इंजिनचालक) आणि गार्ड (आताचे ‘ट्रेन मॅनेजर’) यांची झोपायची जागा. फरशीवाला स्कर्टिंगचा, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावायच्या पट्टीचा, भाव ‘रनिंग फुटा’वर सांगतो, म्हणजे फक्त लांबी मोजायची, रुंदी नाही. भाव ठरवताना चौरस फूट की रनिंग फूट, हे आधी विचारून घ्या.